शाळेतलं वय

वय कसं काढायचं हे मी गेली बावीस वर्षं शिकवते आहे. चालू वर्ष वर लिहायचं, जन्मवर्ष त्याच्या खाली, आणि वजा करायचं. या वर्षीचा वाढदिवस अजून यायचा असेल तर आलेल्या उत्तरातून एक कमी करायचा. चौथीतली मुलं नेमका तो एक कमी करायला विसरतात. बाकी गणितात अवघड काही नाही.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, पाथर्डी तालुक्यात, तिसगावपासून थोडी आत. दोन खोल्या, एक व्हरांडा, पाण्याची टाकी, आणि कपाटात जनरल रजिस्टर. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख त्या रजिस्टरात असते आणि ती तारीख जन्मभर त्याच्या मागे चालते. दहावीच्या सर्टिफिकेटवर तीच, आधारवर तीच, नोकरीत तीच. जुनी पानं उघडली तर वरपासून खालपर्यंत एकच तारीख दिसते: एक जून. पूर्वी आईबाप पोराला हाताला धरून आणायचे. तारीख कुणाला ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं. वर्ष मागे मोजायचं आणि पुढे एक जून ठोकायची, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि त्या दिवशी सहा पूर्ण दिसले पाहिजेत.

माझीही एक जूनच. माझं माहेर घोडेगावजवळ. आई सांगायची, तू झालीस त्या दिवशी घोडेगावचा बाजार होता आणि तुझे वडील म्हैस विकायला गेले होते. म्हणजे वार कळला, महिना नाही, तारीख नाही. नवऱ्याचीही एक जूनच. आमच्या लग्नात पत्रिका बघायची कुणाची, म्हणून दोन्हीकडच्या मोठ्यांनी ती न बघताच होकार दिला. अजूनही एक जूनला सकाळी मोबाईल उघडला की शुभेच्छांचा पाऊस पडलेला असतो. शिक्षकांच्या ग्रुपवर तर कोण कुणाला शुभेच्छा देतंय तेच कळत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. आमच्या आधीच्या पिढीत एवढंही नव्हतं. त्यांचं वय बहात्तरच्या दुष्काळापासून मोजायचं. दुष्काळात रांगत होतो, दुष्काळात खडी फोडायला होतो, दुष्काळात लग्न झालं. त्यावरून आपण हिशोब करायचा.

आमच्या घरात खरी तारीख असलेला पहिला माणूस म्हणजे माझा मुलगा. नगरच्या दवाखान्यात झाला, जानेवारी दोन हजार नऊ, संक्रांतीनंतर तीन दिवसांनी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. मी त्याचा दाखला लॅमिनेट करून ठेवला आहे.

तो साडेचार वर्षांचा होता त्या जूनची ही गोष्ट. तेव्हा आमच्या शाळेत मुख्याध्यापक गुरुजी आणि मी असे दोघेच शिक्षक होतो. पट घसरत चालला होता. घरटी एक तरी मूल तिसगावच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा मुलगाही त्याच शाळेत होता. विसाच्या खाली पट गेला की दुसरा शिक्षक जास्तीचा ठरणार, अशी तेव्हा हवा होती. दुसरी शिक्षक मी. जास्तीचा ठरलेला माणूस जिल्ह्यात कुठेही टाकतात. आपला नगर जिल्हा एवढा मोठा की त्या टोकाच्या अकोले तालुक्यात गेले असते तर मुलगा आठवड्यातून एकदा दिसला असता. आम्ही यादी केली. एकोणीस मुलं भरत होती.

गुरुजी म्हणाले, चला, वस्तीवर फिरून येऊ.

वस्तीवरची बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की कारखान्यांकडे निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. सहा वर्षांची सगळी मुलं आमच्या यादीत आधीच होती. शेवटच्या घरापुढे एक लहान मुलगी बाभळीच्या शेंगा मोजत बसली होती. पाच-पाचचे ढीग करत होती. ते बघून गुरुजी थांबले. तिची आई बाहेर आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल, कडेवर एक तान्हं.

‘‘किती वर्षांची?’’ मी विचारलं.

‘‘आसंल चार-साडेचार. संक्रांतीला झाली बघा. आमी कोल्हारकडं तोडीवर हुतो तवा. कोपीतच झाली.’’

कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. तोडकरी कारखान्याच्या आसपास त्या घालून राहतात.

‘‘जन्माचा दाखला?’’

‘‘तिथं कोन देतंय दाखला, बाई?’’

कोणती संक्रांत ते मी दोन प्रश्नांत काढलं. ती माझ्या मुलाच्याच जानेवारीतली निघाली, त्याच्यापेक्षा तीन दिवसांनी मोठी. साडेचार वर्षांचं मूल किती असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझं मूल त्या वेळी घरी पायजम्याची नाडी सोडता येत नाही म्हणून रडत होतं.

शाळेत येऊन गुरुजींनी रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. ‘‘अक्षर तुमचं चांगलं आहे. एक जून दोन हजार सात टाका.’’ मी टाकली. आईनं सही केली. तिला सही येत होती, याच शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली. ‘‘लिवा की,’’ ती म्हणाली, ‘‘पोरगी सावलीत बसंल, खिचडी खाईल. माझं काय जातंय?’’ एका मिनिटात पोरगी एकोणीस महिन्यांनी मोठी झाली. पट वीस झाला. मी अकोल्याला गेले नाही.

त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं आणि येताना मी मुलासाठी जिलेबी घेतली.

पहिलीत ती दुपारी झोपायची. मी झोपू द्यायचे, तेवढी लाज होती. बेंचवर बसली की पाय लोंबकळायचे. पण डोकं भलतंच होतं. आईबाप तोडीला गेले की ती आजीजवळ राहायची आणि एक दिवस शाळा चुकवायची नाही. दुसरीत ती तिसरीची गणितं करायला लागली तेव्हा मी गुरुजींना म्हणाले, बघा, दोन वर्षं वाया जाण्यापासून वाचवली आपण हिची. गुरुजी म्हणाले, मग काय. माणसाला आपल्या पापाला चांगलं नाव सापडलं की तो निवांत झोपतो, आणि मी झोपत होते.

ती चौथीत असताना मी वर्गाला वय काढायचं गणित घातलं. जानेवारीचा महिना होता, संक्रांत नुकतीच झाली होती. फळ्यावर दोन हजार सतरा लिहिलं आणि प्रत्येकाला त्याचं रजिस्टरातलं जन्मवर्ष सांगितलं. सगळ्यांनी वजाबाकी केली. हिनं वहीत आठ लिहिलं होतं. मी लाल पेननं काट मारली.

‘‘सतरातून सात गेले किती?’’

‘‘धा.’’

‘‘वाढदिवस झालाय का तुझा? जूनमध्ये असतो. मग एक कमी कर.’’

‘‘नऊ. पन बाई, आई म्हनती मी परवाच्या संक्रांतीला आठची झाले.’’

‘‘रजिस्टरात दोन हजार सात आहे.’’

तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, ‘‘मग बाई, दोन हजार सातला मी कुठं हुते?’’

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग म्हणाले, ‘‘हे बघ, घरचं वय वेगळं आणि शाळेतलं वय वेगळं. वहीत शाळेतलं लिहायचं. पुढे सगळीकडे तेच लागतं.’’ तिनं आठ खोडून नऊ लिहिले. मी बरोबरची खूण केली. तेव्हापासून कुणी तिला वय विचारलं की ती विचारायची, ‘‘खरं का शाळेतलं?’’ आणि आम्ही दोघे शिक्षक त्यावर हसायचो.

ती पुढे तिसगावला हायस्कूलला गेली, तिथेच अकरावी-बारावी केली. गुरुजी एका एकतीस मेला निवृत्त झाले. शाळा माझ्याकडे आली. तिची खबर मला असायची, कारण काही ना काही दाखला लागला की ती यायची आणि आली की तासभर बसायची. तिला नगरला नर्सिंगला जायचं होतं. तोडीवर कुणाचा हात कापला तर चिंधी कशी बांधतात आणि खरं म्हणजे कशी बांधायला पाहिजे, हे ती मला हातवारे करून सांगायची.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तिचा बारावीचा निकाल लागला आणि त्याच महिन्यात माझ्या मुलाचा दहावीचा. माझ्या मुलानं मोबाईल मागितला. ती चार दिवसांनी दुपारी माझ्या तिसगावच्या घरी आली. उन्हातून चालत आली होती. मी पाणी दिलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

‘‘बाई, माझं लगीन ठरवलंय. एक जून झाली की लगेच धरलंय. अठरा पुरं हुत्यात ना शाळेतलं.’’

तिची आजी मागच्या वर्षी वारली होती. आता आईबाप तोडीला गेले की वयात आलेल्या पोरीला घरी ठेवायचं कुणाजवळ, हा तिच्या आईचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मुलगा शेजारच्या गावचा, तोही तोडीलाच जाणारा. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकट्या पोराला म्हणतात अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम कामावर घ्यायला का-कू करतो. म्हणून त्यांनाही घाई होती.

‘‘तुला करायचं नाही का?’’

‘‘आत्ता न्हाई करायचं. मला तुमी माझं खरं वय लिहून द्या. शाळंच्या कागदावर. चुकून पडलं म्हना. मी सोळाची हाय म्हनल्यावर लगीन थांबतंय. पावनेदोन वर्सं मिळत्यात मला. तोवर माझा नंबर लागंल.’’

तिनं सगळा विचार करून ठेवला होता. महिन्यांचा हिशोबही बरोबर होता. कागद कसा असावा हे तिनं मनात लिहून आणलेलं दिसत होतं, फक्त खाली सही माझी हवी होती.

मी नियम सांगितला. शाळा सोडल्यानंतर जन्मतारीख बदलता येत नाही. हा नियम खरा आहे, मी खोटं बोलले नाही. मग म्हणाले, नर्सिंगलाही वयाची अट असते, सोळाची ठरलीस तर तेही लांबेल. हे मी का म्हणाले ते मला तेव्हाच कळत होतं. ती म्हणाली, ‘‘थांबंन की एक वरीस. बारक्या पोरांच्या शिकवन्या घिईन.’’

तेवढ्यात माझा मुलगा आतल्या खोलीतून आला. अंगात बनियन, केस विस्कटलेले, दुपारी बारानंतर उठलेला. ‘‘आई, चार्जर कुठंय?’’ म्हणाला. तिला बघून लाजला आणि तसाच आत पळाला. तिनं त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं. मला गणित करायची गरज नव्हती.

‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘तुमी लिहून दिलं तर तुमाला काय हुईल?’’

‘‘चौकशी लागेल. अक्षर माझं आहे. निलंबन करतील बहुतेक.’’

‘‘म्हंजी तुमच्यावर यील.’’

‘‘हो.’’

ती उठली. मग तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन विसळला, पालथा घातला, ओढणी डोक्यावर घेतली आणि ‘‘येते बाई’’ म्हणून गेली. मी तिला थांब म्हणाले नाही. त्या दिवशी मी पोळ्या लाटल्या, मालिका बघितली, रात्री नेहमीसारखी झोप लागली.

लग्नाच्या दोन दिवस आधी ग्रामसेवकाचा फोन आला. मुलांच्या मदतीसाठी सरकारी फोन असतो, त्यावर कुणीतरी निनावी तक्रार केली होती की अमुक वस्तीवर लहान मुलीचं लग्न आहे. कुणी केली ते आजवर कळलं नाही. मी केली नव्हती, एवढं मला माहीत आहे. शाळेला सुट्टी होती. मी स्कूटीवर गेले आणि कुलूप उघडलं. ग्रामसेवक, अंगणवाडीच्या सुपरवायझर आणि एक हवालदार आधीच व्हरांड्यात उभे होते. मुलीची आई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातांना दळलेल्या हळदीचा पिवळा रंग होता आणि चेहरा पार उतरला होता.

मी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पान उघडलं.

‘‘मॅडम, सांगा तारीख,’’ ग्रामसेवक म्हणाले.

तोंडानं सांगायची होती. पान माझ्याकडे होतं, त्यांच्याकडे नाही. माझ्या मनात आलं की आत्ता म्हणता येईल. एक वाक्य होतं: ही तारीख मी चुकीची लिहिली. पाच शब्द. ते माझ्या जिभेवर आलेही नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी फार झगडले. मी वाचलं, ‘‘एक जून दोन हजार सात.’’

ग्रामसेवकांनी मोबाईल काढला. आता वय काढायला अ‍ॅप आलं आहे, वजाबाकी कुणी करत नाही. त्यांनी तारीख घातली आणि पडदा सगळ्यांना दाखवला. अठरा वर्षं, शून्य महिने, चार दिवस.

‘‘झालं तर मग,’’ सुपरवायझर म्हणाल्या. मुलीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. हवालदारानं पानाचा फोटो घेतला आणि सहज विचारलं, ‘‘अक्षर कुणाचं हो?’’

‘‘माझं.’’

‘‘छान आहे,’’ तो म्हणाला.

दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपला असून आपला लागत नाही. तसं झालं होतं. मी कुलूप लावलं, घरी गेले, नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘तू नसती लिहिली तर दुसऱ्या कुणी लिहिली असती. झालं गेलं गंगेला मिळालं.’’ त्याला बिचाऱ्याला माझं बरंच करायचं होतं. मी म्हणाले, हो.

मी लग्नाला गेले. न जाऊन कसं चाललं असतं, गावात विचारलं असतं. आहेराला साडी नेली. मुलीची आई धावत आली, ‘‘बाई आल्या, बाईंना खुर्ची द्या,’’ म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. अक्षता टाकल्या. मुलीनं एकदा वर बघितलं, मला बघून हसली, मग पुन्हा मान खाली घातली. हसली ती ओळखीचं हसली, त्यात राग नव्हता. रागावली असती तर मला काहीतरी वाटलं असतं, असं मला वाटतं. जेवणात बुंदी होती.

जून सरला, शाळा सुरू झाली. एका दुपारी दुसरं काही काम नव्हतं म्हणून मी जुनं रजिस्टर काढून बसले. तिच्या आईचं नाव सापडलं. तीही एक जून, वर्ष नव्वद. पोरीच्या आजीचं, म्हणजे त्या आईच्याच आईचं, नाव त्यात असणं शक्य नव्हतं, पण आजी मला स्वतः सांगायची, दुष्काळात मी रांगत होते, खडीच्या ढिगाजवळ आई मला गोधडीवर टाकायची. मी कागदावर वजाबाक्या केल्या. पुस्तकात पिढी म्हणजे पंचवीस-तीस वर्षं. माझ्या घरात तीस आहे. या घरात अठरा, एकोणीस, आणि आता त्याहून कमी. दुष्काळापासून माझ्या घरात एक पिढी आणि जेमतेम अर्धी झाली, तेवढ्यात तिच्या घरात तीन झाल्या आणि चौथी येणार. मला आठवतं, मी हा कागद कुणाला तरी दाखवावा म्हणून इकडेतिकडे बघितलं. वर्गात मुलं पाढे म्हणत होती. मी कागद फाडला आणि त्यांची तपासायची वही हातात घेतली.

वय काढायचं गणित मी यंदाही घातलं. आताच्या मुलांचे जन्मदाखले असतात, तारखा खऱ्या असतात, कुणाची तीन ऑक्टोबर, कुणाची वीस फेब्रुवारी. मी फळ्यावर उदाहरण सोडवलं, वह्या तपासल्या, खुणा केल्या. हात आपोआप चालतो.

तिला मी परत बघितलं ते या पाडव्यानंतर, तिसगावच्या बाजारात. तोडी संपल्या होत्या, माणसं टेम्पो भरभरून परतत होती. मी मेथी निवडून घेत होते. मागून कुणीतरी ‘‘बाई’’ म्हणालं. वळून बघितलं तर ती. उन्हानं काळवंडलेली, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, पाय सुजलेले. पोट पुढे आलेलं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचा केसपेपर. नवरा पलीकडे टेम्पोवाल्याशी बोलत होता. कोवळा पोरगाच होता तोही.

‘‘कितवा?’’ मी विचारलं.

‘‘सातवा लागलाय.’’

‘‘दवाखान्यात काय म्हणाले?’’

‘‘रगत लई कमी हाय म्हनत्यात. नगरला न्यावं लागंल म्हनत्यात बाळंतपनाला.’’ मग ती हसली. ‘‘नगरला जायचंच हुतं मला.’’

मला हसता आलं नाही. मी मेथीच्या जुड्या पिशवीत भरल्या. तिनं आजूबाजूला बघितलं, जवळ सरकली आणि आवाज कमी केला.

‘‘बाई, तिथल्या नर्सबाईनं मला बाजूला घेतलं. म्हनली, तू अठराची दिसत न्हाईस, खरं वय सांग, त्याच्यावरून औषध-पानी बघावं लागतंय, लहान आसलीस तर जीवाला धोका आसतोय. दोन-तीनदा इचारलं तिनं. चांगली हुती बाई.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. अठराच सांगितलं. आन् खरं सांगितलं आसतं तर पोलिसाला कळवावं लागतं त्यांना. ते घरी आले आसते, तिथनं शाळंत आले आसते. तुमचं नाव निघालं आसतं, बाई.’’

बाजाराचा गलका चालू होता. कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. तिनं पिशवीतून केसपेपर काढला, घडी उलगडली आणि माझ्यापुढे धरला. नावाखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: वय वर्षे अठरा. संक्रांतीला तिची खरी सतरा पूर्ण झाली होती.

‘‘तुमीच बघा,’’ ती म्हणाली. ‘‘बरोबर सांगितलं ना मी?’’

मी कागद हातात घेतला. तो दोनदा वाचला. माझ्याकडे पेन होतं, ते पर्समध्ये होतं, दवाखाना बाजारापासून चालत पाच मिनिटांवर होता आणि ती नर्स तिथे बसलेली होती. त्या पोरीनं माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघितली.

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हणाले, आणि कागद तिला परत दिला.